खऱ्या रेडियमची हमी

१९२० च्या आसपास अमेरिकेत रेडियमचं पाणी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मुख्य धास्ती एकच असे: आपल्याला गंडवलं तर जात नाही ना? बाटलीत खरोखर रेडियम आहे, की दुकानदारानं नळाचंच पाणी भरून बूच लावलंय? ही धास्ती डॉक्टरांच्या संघटनेलाही रास्त वाटली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध व रसायन मंडळानं किरणोत्सारी पाणी तयार करणाऱ्या घरगुती उपकरणांसाठी एक कसोटी ठरवली. एका लिटर पाण्यात २४ तासांत २ मायक्रोक्युरींहून अधिक रेडॉन सोडणारं उपकरणच मान्यतेला पात्र. त्याहून दुबळी उपकरणं नामंजूर, कारण ती लोकांची फसवणूक करतात.

२ मायक्रोक्युरी म्हणजे सेकंदाला ७४,००० अणूंचं विघटन. आजच्या एककात ७४,००० बेक्वेरल. युरोपीय संघानं २०१३ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या रेडॉनसाठी जो दर्शक आकडा ठरवला, तो लिटरला १०० बेक्वेरल आहे. आज ज्या आकड्याला पाणीपुरवठा खात्याचे कान टवकारतात, त्याच्या ७४० पट रेडॉन तेव्हा किमान अपेक्षित होता. कमाल किती चालेल, हे मंडळानं सांगितलंच नाही. तसं कुणी विचारलंही नव्हतं.

अमेरिकेच्या कृषी खात्यानंही १९२६ च्या सुमारास बाजारातली ‘रेडियमयुक्त’ उत्पादनं तपासली. औषध म्हणून विचारात घेण्याइतकं रेडियम त्यांतल्या जेमतेम ५ टक्के उत्पादनांत निघालं. बाकीच्यांत नगण्य किंवा काहीच नाही. सरकारी रसायनतज्ज्ञांनी हा निष्कर्ष जाहीर केला तो लोकांना लुबाडणुकीपासून सावध करण्यासाठी. आज तो वाचताना वाटतं, त्या ९५ टक्के लबाडांनी नकळत किती जीव वाचवले असतील! त्या काळात मोजमाप होतं, साधनं होती, हिशेब बहुतेक बरोबर होते. साधनाला विचारलेला प्रश्न तेवढा उलटा होता.

या प्रकरणाची सुरुवात मात्र कुठल्या भोंदूनं केली नाही. ती केली इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. थॉमसननी. १९०३ मध्ये त्यांना विहिरीच्या पाण्यात किरणोत्सारी वायू सापडला. तो वायू रेडियमपासून निघणारा, ज्याला आपण आता रेडॉन म्हणतो तोच, हे पुढच्या वर्षा-दोन वर्षांत स्पष्ट झालं. मग जगभरच्या प्रसिद्ध झऱ्यांवर मोजणीची एक लाटच आली. ऑस्ट्रियातल्या गास्टाइनच्या कुंडांवर व्हिएन्नाचे हाइनरिश माखे यंत्र घेऊन पोचले. पाण्यातला रेडॉन मोजण्याच्या एककालाच पुढे ‘माखे’ हे नाव पडलं. अमेरिकेत येल विद्यापीठाचे बर्ट्रम बोल्टवुड यांनी आर्कान्सासमधल्या हॉट स्प्रिंग्जचे झरे सरकारसाठी तपासले. ज्या योआखिम्सथालच्या खाणीतल्या खनिजातून मारी क्यूरींनी रेडियम वेगळं केलं होतं, तिथं १९०६ मध्ये रेडॉनच्या पाण्याची स्नानगृहं सुरू झाली. आपल्याकडेही हे वारं आलं होतं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले जेझुइट प्राध्यापक फादर स्टायखेन यांनी गोध्र्याजवळच्या तुवा इथल्या उन्हाळ्यांचा किरणोत्सार कसा कमीजास्त होतो, याचा अभ्यास करून तो १९१६ मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापला.

पिढ्यान्‌पिढ्या लोक या झऱ्यांवर सांधेदुखी आणि त्वचारोग घेऊन जात होते. पाण्याचं रासायनिक पृथक्करण करून काही विशेष हाती लागत नव्हतं. आता अचानक एक अदृश्य, मोजता येणारी गोष्ट सापडली. झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घरी नेलं की त्याचा गुण जातो, असा जुना अनुभव लोक सांगत. त्यालाही आता शास्त्रीय कारण मिळालं. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. आठवड्यानं त्यातला पावभर उरतो, महिन्यानं जवळपास काहीच नाही. पाणी ‘मरतं’ म्हणत ते हेच, असा निष्कर्ष काढायला कितीसा वेळ लागणार? झऱ्यात रेडॉन आहे, झऱ्यानं बरं वाटतं, म्हणून रेडॉननं बरं वाटतं. मधली एक पायरी कुणी चढलंच नाही. पण हा तर्क तेव्हाच्या बड्या बड्या डॉक्टरांनीही केला होता, त्यामुळे एकट्या विक्रेत्यांना हसण्यात अर्थ नाही.

हे सगळं मोजलं जाई ते सुवर्णपत्र विद्युतदर्शीनं. शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी ते पाहिलं असेल. बंद पेटीत धातूची एक दांडी, तिला चिकटवलेलं सोन्याच्या वर्खाचं पातळ पान. दांडीला विद्युतभार दिला की पान दांडीपासून दूर ढकललं जातं आणि तिरपं उभं राहतं. हवा कोरडी असेल तर ते तासन्‌तास तसंच राहतं. जवळ किरणोत्सारी पदार्थ आणला की पेटीतल्या हवेच्या रेणूंवरचे इलेक्ट्रॉन उडतात, हवा वीजवाहक बनते आणि पान हळूहळू खाली येऊ लागतं. सूक्ष्मदर्शकातून पट्टी बघायची, हातात घड्याळ धरायचं, आणि पान किती वेळात किती रेघा उतरलं ते टिपायचं. रेडियमचं प्रमाण माहीत असलेला नमुना ठेवून पुन्हा तेच करायचं. दोन्हींच्या वेगांचं गुणोत्तर म्हणजे उत्तर. पाण्यातला रेडॉन मोजायचा तर पाणी उकळून किंवा हलवून वायू बाहेर काढायचा, तो विद्युतदर्शीच्या डब्यात सोडायचा आणि सुमारे ३ तास थांबायचं, म्हणजे रेडॉनपासून तयार होणारी अल्पायुषी मूलद्रव्यं त्याच्याशी समतोलाला येतात.

ना वीजपुरवठा, ना काही महागडं यंत्र. तरीही या युक्तीनं ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतकं रेडियम पकडता येई. त्या काळच्या कुठल्याही रासायनिक तराजूला ते जमण्यासारखं नव्हतं. विद्युतदर्शीनं सांगितलेला आकडा भरवशाचा असे. म्हणूनच विक्रेते त्याची प्रमाणपत्रं अभिमानानं छापत.

झऱ्याचं पाणी घरी टिकत नसेल तर झराच घरी का आणू नये? आर. डब्ल्यू. थॉमस या गृहस्थानं १९१२ मध्ये अशा एका मातीच्या रांजणाचं पेटंट घेतलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कंपनीनं तो ‘रेडियम ओर रेव्हिगेटर’ या नावानं विकला. वरून साधा, तोटी असलेला चिनी मातीचा घडा. आतून मात्र कार्नोटाइट या युरेनियमच्या खनिजाचं अस्तर. रात्री पाणी भरून ठेवायचं, खनिजातल्या रेडियमपासून निघालेला रेडॉन रातभर पाण्यात विरघळतो. दिवसभरात सहा किंवा अधिक पेले प्यायचे. १९२९ मध्ये किंमत २९ डॉलर ९५ सेंट. असे लाखो रांजण विकले गेले, आणि अमेरिकेतल्या जुन्या बाजारात ते अजूनही मिळतात.

त्याच काळात रेडियमचं नाव नाही अशी वस्तू सापडणं कठीण झालं होतं. डेन्व्हरच्या एका कंपनीच्या रेडियमच्या गुदवर्ती होत्या, डोळ्यांवर बांधायचे किरणोत्सारी चष्मे होते, बर्लिनच्या आउअर कंपनीची ‘डोरामाड’ नावाची थोरियमयुक्त टूथपेस्ट होती. १९३३ च्या सुमारास पॅरिसमध्ये ‘थो-राडिया’ हे सौंदर्यप्रसाधन निघालं, आणि त्याच्या डबीवर डॉ. आल्फ्रेद क्यूरी असं नाव होतं. मारी आणि पिएर क्यूरींशी या डॉक्टरांचा काडीचाही संबंध नव्हता. आडनाव तेवढं कामाला आलं.

यातलं थोरियम कुठून येई, हे आपल्याला थोडं ओळखीचं वाटेल. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरलेल्या गॅसबत्तीचं पांढरं मेंटल आठवा. ते लख्ख पेटायचं ते थोरियमच्या ऑक्साइडमुळे. मेंटलच्या धंद्यासाठी लागणारी मोनाझाइटची वाळू ब्राझीलच्या आणि त्रावणकोरच्या किनाऱ्यांवरून जहाजं भरून जाई. त्यातून थोरियम काढून घेतल्यावर जो गाळ उरे, त्यात मेसोथोरियम असे. ते रेडियमचंच एक समस्थानिक, आजच्या भाषेत रेडियम-२२८. खऱ्या रेडियमपेक्षा स्वस्त, पण किरणोत्सारात कुठेही कमी नाही. पुढच्या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे.

विल्यम जे. ए. बेली हा माणूस डॉक्टर नव्हता. हार्वर्डमध्ये काही काळ शिकला, पदवी न घेताच बाहेर पडला, आणि नंतर आपल्या नावामागे डॉक्टर लावू लागला. १९१५ मध्ये अस्तित्वातच नसलेल्या मोटारगाड्यांसाठी लोकांकडून अनामत घेतल्याबद्दल त्याला अटक झाली होती. त्यानंतर पुरुषत्व वाढवणाऱ्या गोळ्या विकल्याबद्दल दंड झाला. त्या गोळ्यांत कुचल्यातलं विष, स्ट्रिकनीन, निघालं होतं. अशा माणसाकडून आपण काय अपेक्षा करू? बाटलीत पाणी आणि लेबलावर रेडियम. बेलीनं नेमकं उलट केलं. त्याच्या ‘रेडिथॉर’मध्ये लिहिल्याप्रमाणे, मोजून, खरंखुरं रेडियम होतं.

न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजमध्ये बेली रेडियम लॅबोरेटरीज हे त्याचं दुकान. अर्ध्या औंसाची, म्हणजे साधारण तीन चमचे पाणी मावेल एवढी बाटली. तीत शुद्ध पाणी, एक मायक्रोक्युरी रेडियम-२२६ आणि जवळपास तेवढंच मेसोथोरियम. लेबलवर ‘प्रमाणित किरणोत्सारी पाणी’ अशी ग्वाही. किंमत एका बाटलीला एक डॉलर. १९२५ ते १९३० या पाच वर्षांत ४ लाखांहून अधिक बाटल्या खपल्या. शिफारस करणाऱ्या डॉक्टरांना १७ टक्के सूट, म्हणजे सरळ सांगायचं तर कमिशन.

हा धंदा कसा परवडला, याचा हिशेब सोपा आहे. १९२१ मध्ये अमेरिकन स्त्रियांनी वर्गणी काढून मारी क्यूरींसाठी एक ग्रॅम रेडियम घेतलं, तेव्हा त्याला १ लाख डॉलर पडले. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी व्हाइट हाउसमध्ये ते समारंभानं दिलं. एक मायक्रोक्युरी रेडियम-२२६ म्हणजे वजनानं एक मायक्रोग्रॅम, ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्या भावानं बाटलीतल्या रेडियमची किंमत दहा सेंट. बेल्जियन काँगोतलं खनिज बाजारात आल्यावर भाव आणखी उतरले. जगातली सर्वांत महाग वस्तू घालूनही बाटलीमागे घसघशीत नफा सुटत होता, कारण इतकं थोडं रेडियमही विद्युतदर्शीचं पान झरझर खाली आणत असे.

सरकारला बेलीला हात लावणं अवघड होतं. १९०६ चा अन्न व औषध कायदा मुख्यतः खोटं लेबल आणि भेसळ यांविरुद्ध होता. इथं लेबल खरं होतं. शिवाय रेडियम हे मूलद्रव्य, औषध नव्हे, अशी त्याची गणना. ज्या उत्पादनांत रेडियम नव्हतं त्यांच्यावर कारवाई करता येई. ज्यात होतं, ते कायद्याच्या दृष्टीनं चोख.

एबेन बायर्स हा पिट्सबर्गच्या पोलाद-लोखंडाच्या धंद्यातला श्रीमंत, १९०६ चा अमेरिकेचा हौशी गोल्फ विजेता. १९२७ च्या शरदात हार्वर्ड-येल फुटबॉल सामना पाहून परतताना तो रेल्वेच्या वरच्या बर्थवरून पडला. दंड दुखावला, दुखणं जाईना, खेळ बिघडला. त्याच्या डॉक्टरांनी, चार्ल्स मोयर यांनी, रेडिथॉर घेऊन बघा असं सुचवलं. बायर्सला ते भलतंच मानवलं. रोज दोन-तीन बाटल्या तो घेऊ लागला. मित्रमैत्रिणींना खोकी भेट पाठवली, शर्यतीच्या घोड्यांनाही पाजलं. तीनेक वर्षांत त्यानं स्वतः अदमासे १,४०० बाटल्या रिचवल्या.

शरीराला रेडियम आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही. दोन्ही एकाच कुळातली मूलद्रव्यं. बरंचसं रेडियम शरीर बाहेर टाकतं, पण उरलेलं हाडांत जाऊन बसतं. तिथून निघणारे अल्फा कण हाडाच्या आत मिलिमीटरच्या शतांशाच्या हिशेबातच थांबतात. बाहेरून बघणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही, पण तेवढ्या अंतरातल्या पेशींवर सगळी ऊर्जा ओतली जाते. बायर्सचं वजन उतरू लागलं, डोकं ठणकू लागलं, दात पडू लागले. न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ जोसेफ स्टाइनर यांनी त्याच्या जबड्याची चित्रं पाहिली आणि त्यांना न्यू जर्सीतल्या त्या मुली आठवल्या. घड्याळांच्या तबकड्यांवर चमकता रंग लावताना कुंचल्याला ओठांनी टोक काढणाऱ्या त्या कामगार मुलींची हाडं १९२० च्या दशकात अशीच झिजली होती, आणि नुअर्कचे शवचिकित्सक हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ मध्येच त्यामागे रेडियम असल्याचं दाखवलं होतं.

मार्टलँडच्या पथकानं केलेली मोजणी मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत कल्पक वाटते. जिवंत माणसाच्या हाडातलं रेडियम मोजायचं कसं? हाडातलं रेडियम सतत रेडॉन तयार करतं, तो वायू रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. मग त्या मुलींना श्वास सोडायला लावला आणि तो श्वास विद्युतदर्शीच्या डब्यात घेतला. पान खाली आलं. ज्या यंत्रानं ‘पाणी अस्सल आहे’ अशी प्रमाणपत्रं दिली, त्याच यंत्रानं आता माणसाचं शरीर तसंच अस्सल किरणोत्सारी झाल्याचं सांगितलं. अमेलिया माजिया ही कामगार १९२२ मध्ये वारली होती. १९२७ मध्ये तिचं थडगं उकरून हाडं फोटोच्या फिल्मवर अंधारात ठेवली, तेव्हा फिल्मवर त्यांची चित्रं उमटली.

फेडरल ट्रेड कमिशननं फेब्रुवारी १९३० मध्ये बेलीविरुद्ध तक्रार दाखल केली. आरोपाचा रोख औषध निरुपद्रवी आहे या जाहिरातीवर होता. बायर्सची साक्ष घ्यायला कमिशनचे वकील रॉबर्ट विन १९३१ मध्ये लाँग आयलंडवरच्या त्याच्या बंगल्यात गेले. तिथं त्यांना जे दिसलं त्याची नोंद त्यांनी करून ठेवली. समोरचे दोन दात सोडले तर वरचा सगळा जबडा आणि खालचा बहुतेक जबडा शस्त्रक्रियांनी काढून टाकलेला, उरलेली हाडं विरत चाललेली, कवटीला भोकं पडत असलेली. डिसेंबर १९३१ मध्ये कमिशननं विक्री थांबवण्याचा हुकूम काढला. ३१ मार्च १९३२ रोजी बायर्स गेला. वय ५१. शिशाचं अस्तर लावलेल्या शवपेटीतून त्याला पिट्सबर्गच्या ॲलेगेनी दफनभूमीत पुरलं.

वर्तमानपत्रांनी आठवडाभर हाच विषय लावून धरला. न्यूयॉर्कचे महापौर जिमी वॉकर घरी रेडियमचं पाणी करण्याचं उपकरण वापरत, आणि त्यानं आपल्याला छान वाटतं म्हणून ते सोडायला तयार नव्हते. डॉ. मोयर तर आपण स्वतः बायर्सइतकंच रेडिथॉर प्यायलो, आपल्याला काही झालं नाही, असं सांगत राहिले. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस आणि त्यांचे विषशास्त्रज्ञ अलेक्झांडर गेटलर यांनी शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकन अन्न व औषध प्रशासनानं धोकादायक पण कायद्याच्या कचाट्यात न सापडणाऱ्या वस्तूंचं जे प्रदर्शन मांडलं, त्यात रेडिथॉरची बाटली होती. १९३८ चा नवा कायदा यायला त्या प्रदर्शनाचा मोठा हातभार लागला.

पुढचं काम एका भौतिकशास्त्रज्ञाचं. रॉबली इव्हान्स हा १९३२ मध्ये कॅल्टेकमध्ये पीएच.डी. करत होता. बायर्सच्या बातमीनंतर लॉस एंजेलिस परगण्याच्या आरोग्य खात्यानं रेडियमच्या औषधांबद्दल तिथल्या शास्त्रज्ञांकडे विचारणा केली, आणि तो प्रश्न या तरुणाच्या गळ्यात पडला. तो प्रश्न आयुष्यभर त्याच्या गळ्यातच राहिला. १९३४ मध्ये एमआयटीत गेल्यावर त्यानं जिवंत माणसातलं रेडियम मोजण्याची पद्धत पक्की केली. निम्मी मोजणी श्वासातल्या रेडॉनची. उरलेली गॅमा किरणांची, कारण रेडॉननंतर तयार होणारं बिस्मथ भेदक गॅमा किरण सोडतं आणि ते शरीराबाहेर येतात. शरीरात रेडियम कुठे कमी, कुठे जास्त असणार. जवळचा भाग जास्त मोजला गेला तर आकडा चुकेल. म्हणून माणसाला एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीवर आडवं झोपवायचं आणि गायगर गणक बरोबर मध्यबिंदूवर ठेवायचा. डोकं, पोट, पाय, सगळं गणकापासून सारख्याच अंतरावर.

१९४१ मध्ये, युद्धासाठी चमकत्या तबकड्यांची मागणी पुन्हा वाढू लागली, तेव्हा इव्हान्सजवळ अशा २७ माणसांची नीट मोजलेली माहिती होती. अर्ध्या मायक्रोग्रॅमहून कमी रेडियम असलेल्या कुणालाही इजा दिसत नव्हती. १.२ मायक्रोग्रॅमपासून वर सगळ्यांना होती. यासाठी नेमलेल्या एका समितीनं सुरक्षित मर्यादा ठरवली ०.१ मायक्रोग्रॅम. ‘किमान किती हवं’ याऐवजी ‘जास्तीत जास्त किती चालेल’ हा प्रश्न रेडियमबाबत पहिल्यांदा अधिकृतपणे सुटला तो असा, मेलेल्या आणि मरणाऱ्या गिऱ्हाइकांच्या व कामगारांच्या हाडांवरून. तीनच वर्षांनी मॅनहॅटन प्रकल्पात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांसाठी मर्यादा घालायची वेळ आली, तेव्हा तीही याच आकड्याच्या आधारानं काढली गेली.

१९६५ मध्ये इव्हान्सच्या गटानं बायर्सचे अवशेष बाहेर काढून मोजले. आकडा आला २,२५,००० बेक्वेरल, म्हणजे सहा मायक्रोक्युरींहून थोडं अधिक. १९४१ च्या मर्यादेच्या साठपट. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात निसर्गतः असलेल्या पोटॅशियम-४० चा किरणोत्सार ४,४०० बेक्वेरलच्या घरात असतो; बायर्सच्या हाडांत त्याच्या पन्नासपट होता. त्यानं गिळलेलं रेडियम-२२६ सुमारे १,४०० मायक्रोक्युरी धरलं, तर शरीरात टिकलं ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तेवढं पुरलं. बेली १९४९ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगानं गेला. आपण स्वतः रेडिथॉर पितो असं तो सांगत असे, आणि ते खोटं नसावं. दोन दशकांनी त्याचेही अवशेष तपासले गेले, तेव्हा हाडांत किरणोत्साराच्या खुणा होत्याच.

आता या जुन्या वस्तू मोजायच्या तर काय होतं? १९८० च्या दशकाच्या शेवटी हार्वर्डमधले कर्करोगतज्ज्ञ रॉजर मॅक्लिस यांना जुन्या वैद्यकीय वस्तूंच्या दुकानात रेडिथॉरच्या जवळजवळ रिकाम्या बाटल्या मिळाल्या. साठ वर्षांत सगळं निवलं असेल अशी त्यांची अटकळ होती. प्रयोगशाळेत गणकानं ती खोडून काढली. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १,६०० वर्षं. साठ वर्षांत त्याचा फक्त अडीच टक्के भाग घटतो. बाटलीतल्या दुसऱ्या घटकाची गोष्ट निराळी. मेसोथोरियमचं अर्धायुष्य पावणेसहा वर्षांचं, त्यामुळे साठ वर्षांनी त्याचा हजारावा भागही उरत नाही. म्हणून आज एखाद्या संग्रहातली रेडिथॉरची बाटली मोजली, तर मूळच्या औषधातल्या दोन साथीदारांपैकी एकच सापडतो. बायर्सनं जे प्यायलं ते याहून बरंच जहाल होतं, आणि आजचा आकडा बघून त्याचा अंदाज बांधणारा फसेल.

साधा गायगर गणक अशा वस्तूजवळ नेला की तो टकटक करू लागतो, पण ती टकटक बरंच काही लपवते. काच आणि चिनी माती अल्फा कणांना पूर्ण अडवतात. गणकाला दिसतात ते बीटा आणि गॅमा, तेही मुख्यतः रेडॉनच्या वंशजांचे. बूच सैल असेल, रेडॉन निसटून जात असेल, तर बाटली आहे त्यापेक्षा गरीब दिसते. ती हवाबंद करून महिनाभर ठेवली की आतला रेडॉन रेडियमशी समतोलाला येतो आणि खरा आकडा कळतो. आत काय आहे ते ओळखायला जर्मेनियमचा गॅमा किरण-शोधक लागतो. बिस्मथ-२१४ ची ६०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेघ दिसली की रेडियमची मालिका नक्की. बेलीचंच ‘रेडिएंडोक्रिनेटर’ हे त्याआधीचं उपकरण घ्या. सोन्याचा मुलामा दिलेली जाळी, आत रेडियममध्ये भिजवलेले कागद, पुरुषांनी रात्री लंगोटात, अंडकोषाखाली ठेवायचं. सुरुवातीची किंमत १,००० डॉलर, नंतर १५०. मखमलीच्या पेटीतलं हे देखणं यंत्र संग्राहकांना फार हवं असतं. त्याच्या बाबतीत किरणांइतकीच चिंता कागदाची असते: तो कुजून चुरा झाला तर तो हाताला लागतो, श्वासात जातो. म्हणून अशा वस्तूवरून दुसरा कागद फिरवून तो वेगळा मोजतात.

रेव्हिगेटरच्या रांजणांची कसून तपासणी झाली ती २००९ मध्ये. मायकेल एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ‘अप्लाइड स्पेक्ट्रोस्कोपी’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष मांडले. रांजणांत पाणी ठेवून त्यांनी रेडॉन मोजलाच, पण पाण्यात आणखी काय उतरतं तेही पाहिलं. युरेनियम, व्हॅनेडियम, शिसं आणि आर्सेनिक निघालं. खनिजाचं अस्तर म्हणजे शेवटी दगडच, त्यात जे असेल ते पाण्यात येणार. रोज सहा-सात पेले पिणाऱ्याला रेडॉनपेक्षा या धातूंचा जास्त त्रास झाला असण्याची शक्यता आहे. विद्युतदर्शीला आर्सेनिक दिसत नाही. १९२० च्या दशकात हे रांजण तपासणाऱ्यांनी ते शोधलंही नव्हतं.

धंदा मात्र संपलेला नाही, फक्त जाहिरात उलटी झाली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा व किरणसंरक्षण प्राधिकरणानं दहा वस्तूंची यादी जाहीर केली. गळ्यातली लटकनं, हातातली कडी, झोपताना डोळ्यांवर बांधायचा पट्टा, लहान मुलांसाठीची एक बांगडीही. मोबाइलच्या ५-जी लहरींपासून आणि एकूणच ‘वाईट’ किरणांपासून संरक्षण देतात म्हणून त्या विकल्या जात होत्या. अशा काही लटकनांत मोनाझाइटची पूड घातलेली असते, हे त्याआधीच मोजून दाखवलं गेलं होतं. प्राधिकरणाच्या मोजणीत त्या दहाही वस्तू किरणोत्सारी निघाल्या. पातळी कमी होती, पण दिवसरात्र अंगावर ठेवल्यास त्वचेला इजा होऊ शकेल इतकी. घेणाऱ्यांना सूचना होती: वापरणं ताबडतोब थांबवा, वस्तू बंद करून बाजूला ठेवा, ती कुठे परत करायची ते कळवलं जाईल.